साळिंदराचे उरलेले चिंचोके

जनावरं अजून पत्ते खेळत, त्या काळची गोष्ट. जिंकणाऱ्याला बांधावरचा आंबा मिळणार होता. पैशांऐवजी चिंचोके लावायचे; ज्याचे संपतील त्याने उठायचं. शेवटी कोल्हा, रानमांजर आणि भीमू साळिंदर एवढेच उरले.

भीमू डावामागून डाव हरत होता. "पत्ते माझ्यावरच रुसलेत! लावतो सगळे चिंचोके, एकदाचं संपू दे!"

"पत्त्यांना तुमचं नावही ठाऊक नाही," त्याची बायको वैतागली. "वाईट पानं आली की टाकून डाव सोडा आणि गप्प बसा!"

धुसफुसत भीमूने पानं टाकली. पुढच्याही डावात टाकली. तेवढ्यात कोल्हा आणि रानमांजर ईर्ष्येला पेटले, दोघांनी होतं नव्हतं ते लावलं, आणि रानमांजराला उठावं लागलं.

मग भीमूला राजांची जोडी आली. उरलेले चिंचोके त्याने आत्ता लावले. तिथून खेळ फिरला आणि आंबा त्याचा झाला.

तरी तो करवादलाच, "ही पानं आधी कुठे मेली होती?"