सुईणीनं निवडलेलं जनावर

फार पूर्वी, जनावरं माणसांशी बोलत असत तेव्हाची गोष्ट. भिवराबाई सुईण डोंगरातल्या वाड्यांवर पायीच जायची. एकदा ती पोचेपर्यंत बाळ जन्मून, रडून, झोपलंसुद्धा. तेव्हा ती तडक जनावरांच्या बाजारात गेली.

बाजाराचा रिवाज असा, की घेण्याआधी मैदानात एक फेरी मारून बघायची. काळा घोडा असा दौडला, की भिवराबाईचं वय वीस वर्षांनी उतरलं.

"मला घेतलंत की लोक वळून बघतील," तो म्हणाला. तिला ते आवडलंही.

शेजारचं खेचर म्हणालं, "माझी आई घोडी, बाप गाढव. मला थोडं पळता येतं, पुष्कळ चढता येतं आणि खायला काहीही चालतं."

"धड ना घोडा, ना गाढव," घोडा फुरफुरला.

भिवराबाईनं कमरेवर हात ठेवले. "मैदानात कोण बाळंत होतं रे? दोघंही वरच्या वाडीला चला."

बसली मात्र ती घोड्यावरच. दगडगोट्यांचा चढ लागला तसा घोडा थांबला.

"बाई, वाट संपली."

भिवराबाई उतरली आणि तिनं आपलं बोचकं खेचराच्या पाठीवर ठेवलं.

"तुझी संपली," ती म्हणाली. "माझी इथून सुरू होते."