तारा आणि पदक

कुठल्याशा गावात दोन दोस्त राहत होते आणि दोघांना खूळ एकच होतं. इंग्रजांच्या राणीने राजेरजवाड्यांना दिलेली जुनी मानचिन्हं जमवायची! गावाला ती खेळणी वाटायची. हे दोघं मात्र एकेका पदकावर तासन् तास बोलत बसायचे.

त्या काळी मोठा किताब मिळाला की दोन वस्तू मिळत, छातीवर लावायचा तारा आणि खांद्यावरून घ्यायच्या पट्ट्याचं पदक. अशाच एका दुर्मिळ जोडीची ताटातूट झाली होती. तारा बळवंताकडे आला होता, पदक शंभूकडे. बळवंताच्या मखमली पेटीत ताऱ्याशेजारचा कप्पा रिकामा होता आणि तो त्याच्या डोळ्यांत सलत होता.

पुढे शंभू आजारी पडला. बळवंत रोज मोसंबी घेऊन जाऊ लागला. लोक म्हणत, "दोस्ती असावी तर अशी!" डोंबलाची दोस्ती! त्याचं सगळं लक्ष शंभूच्या कपाटावर. शंभूला ज्या दिवशी जरा बरं वाटे, त्या दिवशी याचं तोंड उतरे.

एकदा शंभू म्हणाला, "बळवंता, तुझा तारा घेऊन ये ना रे. दोन्ही शेजारी ठेवून डोळे भरून बघू."

बळवंताच्या मनात आलं, तारा आणला आणि शंभूच्या घरच्यांनी ठेवूनच घेतला तर? "आणतो की उद्या," तो म्हणाला.

मग रोज शंभू विचारायचा, "आणलास?" आणि रोज हा म्हणायचा, "अरेच्चा, विसरलोच बघ!" असं करता करता शंभू गेला.

दिवसकार्य आटोपताच बळवंत तोंड पाडून शंभूच्या घरी हजर. शंभूच्या बायकोने न मागताच पदक त्याच्या हातात ठेवलं.

"भावोजी, हे तुमचंच होतं. तुम्ही तारा आणलात की आमचे हे स्वतःच्या हाताने तुमच्या पेटीत बसवणार होते. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते हो!"

बळवंताने घरी येऊन पदक कप्प्यात बसवलं. जोडी जमली! आनंदाच्या भरात त्याने चपला घातल्या आणि पेटी घेऊन निघाला, शंभूला दाखवायला. उंबऱ्यातच त्याचे पाय थबकले.

शेवटी त्याने शेजाऱ्याला हाक मारली. शेजारी पेटीत डोकावला. "नाटकातलं आहे का हो?" म्हणाला आणि सुपारी कातरत निघून गेला.

तात्पर्य: मित्राच्या मरणावर टपून बसलं की वस्तू मिळते खरी, पण ती दाखवायला माणूस उरत नाही.