बेचाळिसावं ऑपरेशन

“क्लिप मारू का, सर?” सलीलनं विचारलं.

दुर्बिणीचा दिवा सुलोचना कोष्टींच्या पोटात होता. आतलं सगळं समोरच्या पडद्यावर दिसत होतं. लाल, सुजलेलं, एकमेकांना चिकटलेलं.

मुजावर सर पडद्याकडे बघत राहिले.

पोट न फाडता, चार छिद्रांतून पित्ताशय काढणारा त्या इस्पितळात तेव्हा एकच सर्जन होता. सलील बिराजदार. सरांचाच विद्यार्थी, मुंबईला राहून हे नवं शिकून आलेला. एक्केचाळीस ऑपरेशनं केली होती त्यानं आणि एकदाही पोट उघडावं लागलं नव्हतं. हे तो कुणी न विचारताही सांगायचा.

सरांची हयात पोटं उघडण्यात गेली होती. त्या दिवशी ऑपरेशन अडल्यावर सलीलनं त्यांना निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. ते येऊन स्टुलावर बसले होते.

“सर... मारू?”

“ही पित्ताशयाचीच नळी ना?”

“असावी.”

“असावी?”

“...आहे, सर.”

यकृताकडून येणारी मुख्य नळी अगदी शेजारून जाते. इतक्या सुजेत दोन्ही सारख्याच दिसतात. चुकून क्लिपनं तीच बंद करून कापली गेली, तर बाई चार दिवसांत पिवळी पडते, आणि पुढची कित्येक वर्षं तिची इस्पितळात जातात. जगली तर.

हे सलीलला पाठ होतं. त्याच्या पाठीवरून घामाचा ओघळ उतरत होता. क्लिप नळीजवळ नेऊन तो थांबला होता.

“दोन तास होत आले, डॉक्टर,” एस्तेर सिस्टर हळूच म्हणाल्या.

“माहितेय मला!”



“उघडत का नाहीस?” सरांनी विचारलं.

“शब्द दिलाय, सर. तिसऱ्या दिवशी घरी, दहाव्या दिवशी विणायला मागावर.”

“त्यांना दिलायस, की स्वतःला?”



सर उठले. “हात हलवू नकोस,” म्हणाले. मग टेबलाला वळसा घालून गेले आणि पडद्याकडे पाठ करून त्याच्यासमोर उभे राहिले. आडवे, रुंद. पडदा पूर्ण झाकला गेला.

“आता सांग. नळी दिसते?”

“सर, तुम्ही मध्ये उभे आहात. मला काही दिसत नाही!”

“मघाशी दिसत होतं?”



“नाही,” सलील म्हणाला. “नव्हतं दिसत.”

सर बाजूला झाले.

सलीलनं अवजारं एकेक करून बाहेर घेतली. मग सिस्टरांकडे हात पसरला. “सुरी.”

सर हात धुऊन आले आणि त्याच्यासमोर, मदतनिसाच्या जागेवर उभे राहिले. फासळ्यांखाली वीतभर छेद गेला. चिकटलेलं सोडवायला तास लागला. मग बोटांना कळलं... ज्या नळीवर तो क्लिप मारणार होता, ती मुख्य नळी होती.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी सुलोचनाबाई पुरत्या शुद्धीवर आल्या. पोटावरची पट्टी चाचपत म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही तर चार भोकं म्हणाला होता.”

“म्हणालो होतो, मावशी. आत मला नीट दिसलं नाही. म्हणून उघडलं.”

“म्हंजे आता महिनाभर माग बंद?”

“दीड महिना.”

बाईंनी तोंड फिरवलं. सलील त्यांची सलाईन बघून बाहेर आला.

व्हरांड्यातल्या बाकावर सर चहा पीत बसले होते. तो त्यांच्यासमोर जाऊन थांबला.

“सर, यापुढं मी दुर्बीण हातात धरावी की नाही?”

सरांनी कप खाली ठेवला. बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.

“उद्यापासून मला शिकव,” ते म्हणाले.