पक्क्या घरातली ग्रामसभा

घरकुलासाठी ग्रामसभेनं तान्हीबाईचं नाव एकमतानं निवडलं होतं. तालुक्याच्या साहेबांनी ते खोडलं. का, तर छपरावर पत्रे आहेत! गाव हटून बसलं, तेव्हा साहेब स्वतः आले आणि शाळेच्या पटांगणात भरलेल्या सभेत म्हणाले, "पत्र्याचं घर म्हणजे पक्कं घर. गावाला काय कळतंय त्यातलं?"

तान्हीबाई उठली. "खरंय साहेब. मग पक्कं घर सोडून इथं उन्हात कशाला बसायचं? सभा माझ्याकडंच भरवू. चहा पण होईल."

सगळे तिच्या घराकडं निघाले. साहेब दारातच थबकले. कललेली भिंत दोन बांबूंनी कशीबशी तोलून धरली होती.

"या ना," तान्हीबाई आतून म्हणाली. "आढ्याखाली तुमच्यासाठी सतरंजी घातलीय. फक्त भिंतीला पाठ लावू नका, आणि शिंकू नका."

आढं करकरलं. साहेब दोन पावलं मागं सरले. "मी बाहेरच बरा. चहा इकडंच द्या."

तिनं कप हातात दिला. "साहेब, एका चहापुरतं तुम्हाला जिथं बसवत नाही, तिथं मी रोज नातीला निजवते."

चहा निवायच्या आत साहेबांनी गावानं निवडलेलं नाव पुन्हा यादीत घातलं.