आवडाईचा रांजण

तो घडा ज्यांनी फोडला, त्यांची नावं कुणी सांगत नाही. जे नुसते बघत उभे राहिले, त्यांचीही नाही. गाव आवडाईची गोष्ट मोठ्या भक्तीनं सांगतं आणि नेमकी तेवढी नावं गिळून टाकतं.

फार वर्षांमागं, या डोंगरात गाडीवाटही नव्हती तेव्हा, चुनखेड हे लोणाऱ्यांचं गाव होतं. चुनखडी फोडायची, भट्टीत भाजायची आणि कळीचा चुना बैलांवर लादून बाजाराला न्यायचा. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो फसफसून उकळतो. म्हणून भट्टीभोवती दगड रोवले होते आणि पाण्याचा घडा त्या दगडांच्या आत न्यायचा नाही असा नेम होता. डोळ्यात चुना उडाला तरी पाणी लावायचं नाही. डोळा शिजेल, म्हणायचे. तूप घालायचं, घट्ट पट्टी बांधायची. पट्टी सुटली की बुबुळ पांढरं झालेलं असायचं. घरोघरी कुणीतरी भिंत चाचपत चालायचं आणि गाव त्याला भट्टीचा कोप म्हणायचं.

आवडाई या गावची वैदीण. तिचा भाऊ त्या पट्टीखालीच आंधळा झाला. असं म्हणतात, की त्यानंतर ती नदीकाठी बसून चुना भिजवत राहायची. कधी चिमूटभर पाण्यात, कधी वाहत्या धारेत. बाया हसायच्या, की म्हातारी आता नदीलाच चुना लावणार.

एके दिवशी भट्टी उपसताना कड ढासळली आणि मुकादम रानोजीच्या सुनेच्या, रंभाच्या, दोन्ही डोळ्यांत चुना उडाला. तिचे हात धरले गेले, तूप आलं, पट्टी आली. तेवढ्यात आवडाई घडा घेऊन दगडांच्या आत शिरली.

"रानूदादा, थोड्या पाण्यानं चुना उकळतो. भरपूर पाण्यानं वाहून जातो. पोरीला सोड."

"भावाचे डोळे राखता आले नाहीत तुला," रानोजी म्हणाला, "आता माझ्या सुनेवर हात बसवतेस होय?"

कुणीतरी घडा हिसकावून दगडावर आपटला. पट्टी बांधली गेली. रंभा ओरडत होती.

मग आवडाईनं जमिनीवरचा चुना उचलला आणि दगडांबाहेर, जिथं बाया भरले घडे घेऊन थांबल्या होत्या, तिथं जाऊन स्वतःच्या डोळ्यात चोळला.

"ओता," ती म्हणाली. "मी बास म्हणेपर्यंत ओता."

बायांनी घाबरत ओतलं. घडे संपले, नदीवरून दुसरे आले. असं म्हणतात, की ते पाणी दुधासारखं पांढरं होऊन खालच्या गावापर्यंत वाहत गेलं आणि तिथल्या गुरांनी तोंड लावलं नाही. शेवटी आवडाईनं डोळा उघडला. लालभडक झाला होता. पण दुसरा डोळा झाकून त्याच डोळ्यानं तिनं समोरच्या बाईच्या कपाळावरचं गोंदण ओळखून सांगितलं.

तेव्हा बाया स्वतःच घडे घेऊन आत शिरल्या. रानोजी बाजूला सरला. आवडाईनं पट्टी कापली, पापण्या उलट्या केल्या, मऊ धडप्यानं चुन्याचे कण टिपले आणि सूर्य डोंगराला टेकेपर्यंत धार थांबू दिली नाही.

रंभाचा उजवा डोळा वाचला. डावा गेला. गावाला पटवण्यात जो वेळ गेला, त्यात तो गेला.

रानोजी लुगडं घेऊन आला. आवडाईनं ते घेतलं नाही. भट्टीजवळ रांजण ठेव, म्हणाली, आणि पुढच्या खेपेला कुणाला विचारत बसू नका. तिच्या चुना चोळलेल्या डोळ्याचा उजेडही पुढं मंदावत गेला. एका उन्हाळ्यात ती नदीच्या कडेनं चालत गेली, ती परतली नाही. असं म्हणतात, की तिच्या पावलांच्या ठशांत त्या उन्हाळाभर पाणी साचलेलं होतं.

चुनखेडच्या प्रत्येक भट्टीपाशी आजही रांजण असतो. त्यातलं पाणी कुणी पीत नाही. डोळ्यात चुना गेलेल्यानं "आवडाई" एवढंच ओरडायचं. जो जवळ असेल, मग तो हाडवैरी का असेना, त्यानं हातातलं टाकून पाणी ओतत राहायचं. भरपूर धुऊन झालं की तसंच तालुक्याला डॉक्टरकडे न्यायचं. चैत्रात भट्टी पेटवण्याआधी रांजणाला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो.

परवा मी गेलो तेव्हा रांजण अर्धा रिकामा होता. कोंडाबाई नावाची कामकरीण नदीवरून एकटीच हंडा घेऊन चढत होती. बाकीचे कुठं आहेत, विचारलं.

"नारळाच्या दिवशी ये," ती म्हणाली, "सगळे भेटतील."