कमी पिळाची बंदूक

एका जंगलाच्या कडेला एकदा एक वृद्ध कारागीर राहत असे. बंदुका दुरुस्त करणं हा त्याचा व्यवसाय. गोष्ट संस्थानी काळातली आहे. तेव्हा शिकारीला परवानगी मिळत असे. आता मिळत नाही, आणि ते फार चांगलं झालं. तेव्हा वाचकहो, सकाळच्या चहाबरोबर हे बंदुकीचं काय काढलंत, म्हणून माझ्यावर डोळे वटारू नका. जरा धीर धरा.

वृद्धाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. स्वतःची बंदूक त्याने केव्हाच देऊन टाकली होती. पण बोटं अजून शाबूत होती, आणि पंचक्रोशीतले शिकारी त्याला आदराने वस्ताद म्हणत. त्याचा एक शिष्य होता. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. डोंगरउतारावरची नाचणी सांबरं तुडवून जात, म्हणून दरबाराने वर्षाला दोन सांबरं मारण्याची मुभा गावाला दिली होती, आणि गावाने ते काम या शिष्यावर सोपवलं होतं. त्याच्याकडे आजोबांच्या वेळची, नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, ठासणीची बंदूक होती.

त्या गावच्या शिकाऱ्यांमध्ये एक कडक रिवाज होता. जनावर जखमी करून शिकारी घरी परतला, तर ते सापडून त्याची यातनांतून सुटका होईपर्यंत त्याने अन्नाला शिवायचं नाही. पाणी तेवढं प्यायचं. जनावर तिकडे तळमळत असताना तुला घास गिळवतो कसा, असा साधा प्रश्न त्यामागे होता.

एके दिवशी सकाळी शिष्य वस्तादाच्या अंगणात येऊन उभा राहिला. दोन दिवस त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"वस्ताद, माझ्या हातून पाप घडलं," तो म्हणाला. "सांबर जखमी झालंय आणि सापडलं तरी पडत नाही."

"बस आधी. काय झालं ते नीट सांग."

शिष्याने सांगितलं. गेल्या महिन्यात गावात एक व्यापारी आला होता. त्याच्याकडे गोळ्या ओतायचा नवा साचा होता. त्यातली गोळी लांब, टोकदार, आणि नेहमीच्या गोल गोळीच्या दुप्पट वजनाची. व्यापाऱ्याने स्वतःच्या बंदुकीतून उडवून दाखवली, तेव्हा दोनशे पावलांवरचं मडकं फुटलं. शिष्य हरखून गेला. सांबर म्हणजे केवढं धूड, त्याला गोळीही तशीच हवी, असं त्याच्या मनाने घेतलं आणि त्याने साचा विकत घेतला.

"परवा दीडशे पावलांवरून बार काढला. मागच्या मांडीला लागला. ते लंगडत झाडीत शिरलं. काल घळीतल्या डोहाशी पुन्हा दिसलं, तेव्हा पलीकडच्या काठावरून दुसरा बार काढला, तर गोळी कुठल्या कुठे गेली. बंदूकच म्हातारी झालीय, वस्ताद. कुणाची तरी चांगली बंदूक मिळवून द्या. नाहीतर याहून जड गोळी ओतून द्या. एकच, पण अशी की लागल्यावर उठायला नको."

वृद्धाने गोळ्यांकडे हातसुद्धा नेला नाही. त्याने बंदूक मागितली, रिकामी असल्याची खात्री केली आणि शिष्याला ती दोन गुडघ्यांत घट्ट धरायला सांगितली. मग बार ठासायच्या लोखंडी गजाच्या टोकाला तेलकट चिंधी गुंडाळली, गजाच्या मुठीवर चुन्याचा एक ठिपका लावला, आणि मूठ सैल धरून गज नळीत हळूहळू खाली दाबू लागला. नळीच्या आत कोरलेल्या आट्यांतून चिंधी उतरत होती आणि तिच्याबरोबर मूठ किंचित वळत होती. गज तळाला टेकला. वृद्धाने बोटाने ठिपका चाचपला. गज वर काढला, पुन्हा खाली घातला. पुन्हा चाचपला. तिसऱ्यांदा घालू लागला, तेव्हा शिष्याचा संयम सुटला.

"अहो वस्ताद! तिकडे जनावर मरणयातना भोगतंय, इथे माझ्या पोटात आगडोंब उसळलाय, आणि तुम्ही चिंध्या कसल्या फिरवताय?"

"दोनदा घाई केलीस," वृद्ध शांतपणे म्हणाला. "त्या घाईचे भोग त्या जनावराच्या वाट्याला आले. आता थोडा वेळ मला दे."

शिष्याची मान खाली गेली. आणि का जाऊ नये? खरं ते लागतंच.

मग वृद्धाने घरातून जुन्या पंचांगाचा पुठ्ठा आणवला आणि साठ पावलांवरच्या वारुळाला टेकवून ठेवायला लावला. "तुझी ती लांब गोळी भर आणि मार याच्यावर." शिष्याने बार काढला. पुठ्ठा आणून वृद्धाच्या हातात दिला. गोळी कडेला लागली होती. वृद्धाने भोकात बोट घातलं आणि कितीतरी वेळ ते फिरवत राहिला.

"तूच बघ. कसं आहे भोक?"

शिष्याने पाहिलं. भोक गोल नव्हतं, चांगलं बोटभर लांब फाटलेलं होतं. गोळी पुठ्ठ्याला टोकाने न लागता आडवी लागली होती. परवा सांबराच्या मांडीत काय शिरलं असेल, हे त्याला तेव्हा समजलं.

वृद्ध बोलू लागला. "नळीतले आटे गोळीला पीळ देतात. गोळी फिरत गेली तर सरळ जाते. गोळी जितकी लांब, तितका तिला पीळ जास्त लागतो, नाहीतर ती वाटेतच कलंडते. व्यापारी तुझ्याशी खोटं बोलला नाही. त्याची बंदूक नवी आहे, तिच्या आट्यांना पीळ भरपूर असणार. तुझ्या आजोबांची बंदूक गोल गोळीसाठी केलेली. सबंध नळी उतरून जाईपर्यंत तो ठिपका अर्धा फेराही फिरला नाही. तू गोळी निवडलीस ती सांबराकडे बघून आणि व्यापाऱ्याकडे बघून. जिच्या तोंडात घालायची होती, तिला काय पेलतं हे तेवढं विचारायचं राहिलं. मी मघापासून तेच विचारत होतो."

एवढं बोलून त्याने शिष्याच्या उरलेल्या लांब गोळ्या लोखंडी पळीत घालून चुलीवर ठेवल्या. शिसं वितळलं. कोनाड्यातून जुना साचा निघाला आणि त्याच शिशाच्या सहा गोल गोळ्या झाल्या. चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळून शिष्याने त्यांतल्या दोन पुठ्ठ्यावर उडवल्या. दोन्ही भोकं गोल, आणि एकमेकांपासून अंगठाभर अंतरावर.

शिष्याच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा जीव आला. पण लगेच त्याला शंका आली. "वस्ताद, ही तर निम्म्या वजनाची. हिने सांबर पडेल?"

"दीडशे पावलांवरून नाही पडायचं. चाळीस पावलांवरून पडेल, आणि तडफडणार नाही."

"पण चाळीस पावलांपर्यंत ते मला येऊ देईल का?"

"ते आता बंदुकीवर नाही, बाबा. तुझ्यावर आहे. जड गोळी तुला लांब उभं राहायची सवलत देत होती. हलकी गोळी देणार नाही. जा. जखमी सांबर पाणी सोडत नाही, त्याच डोहाशी असेल. वारा तोंडावर घे."

शिष्य गेला. घळीच्या तोंडाशी त्याने वहाणा काढल्या. दोनशे पावलांचं अंतर तोडायला त्याला दुपारपासून ऊन कलेपर्यंत वेळ लागला. कधी गुडघ्यांवर, कधी पोटावर. कोरड्या पानांतून हात टाकताना एकेक पान बाजूला करावं लागे. दोनदा सांबराने कान टवकारले आणि दोन्ही वेळा तो काट्यांत तोंड खुपसून निपचित पडून राहिला. शेवटी करवंदीच्या जाळीआडून त्याने डोकं वर काढलं, तेव्हा सांबर पस्तीस-चाळीस पावलांवर उभं होतं.

एवढ्या जवळून त्याने जिवंत सांबर कधी पाहिलं नव्हतं. मांडीवर हातभर फाटलेलं होतं. माश्या घोंगावत होत्या. मागचा पाय ते टेकवू पाहत होतं आणि टेकताच अंगभर शहारत होतं. पाण्यावर तोंड नेत होतं, पण पीत नव्हतं. शिष्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे कोरडे होईपर्यंत तो थांबला. मग त्याने खांद्यामागची जागा धरली आणि चाप ओढला. सांबर जागच्या जागी बसलं, मान खाली टेकली, आणि पुन्हा हललं नाही.

दिवेलागणीला तो वस्तादाच्या अंगणात परतला. पावलांच्या आवाजावरूनच वृद्धाला काम झाल्याचं कळलं असावं. त्याने नाचणीच्या पेजेचं भांडं पुढे सरकवलं.

शिष्य भांडं हातात धरून नुसता बसला. "वस्ताद," तो म्हणाला, "दीडशे पावलांवरून मला एक सांबर दिसत होतं. चाळीस पावलांवरून मी काय करून ठेवलं होतं ते दिसलं."

"हं," वृद्ध म्हणाला. "पेज निवते आहे."

शिष्याने दोन घोट घेतले. मग कमरेचा तो लांब गोळीचा साचा काढून म्हणाला, "हा उद्या डोहात फेकून देतो."

"कशाला? साच्याने तुझं काय वाईट केलंय? ज्याच्या बंदुकीत पीळ आहे त्याला दे. त्याच्या कामी येईल."

गोष्ट इथे संपते. परवा माझ्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ भेटले. चांगले शिकलेले, पन्नाशीचे. फार कासावीस होते. त्यांचे वडील ऐंशीचे, गावी एकटे राहतात, आणि औषधं घेत नाहीत. "किती समजावलं हो त्यांना! डॉक्टरांचं मत सांगितलं, रिपोर्ट वाचून दाखवले, परिणाम काय होतील ते सगळं सांगितलं. ऐकूनच घेत नाहीत, उलट दुखावतात. आता याहून कडक शब्द आणू कुठून?" मी त्यांना ही गोष्ट सांगितली. मी विचारलं, "तुम्ही हे सगळं त्यांना कुठून सांगता?"

"फोनवरून," ते म्हणाले.

मग त्यांनी घड्याळात पाहिलं, आणि गावाकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते, ते मलाच विचारलं.