नगराध्यक्षांचं ग्राफिक्स कार्ड

नगराध्यक्ष दौलतराव निंबोरे यांना कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळायचा भारी नाद. सुलभा पोतनीसच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून त्यांनी खेळातली चित्रं झपाट्यानं पळवणारं सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड नेलं, मेहुण्याकडून बसवून घेतलं, वर हळदकुंकूही वाहिलं; पण शर्यतीतली गाडी बैलगाडीसारखीच चालली. त्यांनी सुलभाला बंगल्यावर बोलावलं आणि चार नगरसेवकांसमोर बजावलं, "नकली माल खपवलास. उद्या तुझ्या दुकानाला कुलूप लागेल."

सुलभानं कॉम्प्युटरच्या मागं वाकून पाहिलं. "कार्ड अस्सल आहे, साहेब. पण स्क्रीनची वायर तुमच्या मेहुण्यांनी जुन्याच जागी लावलीय, त्यामुळे नव्या कार्डापर्यंत काम पोचतच नाही. नगरपालिकेत तुम्ही नवा इंजिनिअर आणलात, हार घालून केबिनमध्ये बसवलात, आणि फायली मात्र अजून मेहुण्यांच्याच टेबलावर जातात. तसंच झालंय हे."

नगरसेवक छताकडे बघू लागले.

"नगरपालिकेचं राहू दे," दौलतराव गुरगुरले. "आधी हे चालू कर."

सुलभानं वायर काढून नव्या कार्डात खोचली. गाडी सुसाट सुटली.

"इथली वायर मी हलवली, साहेब," ती पिशवी उचलत म्हणाली. "तिथले मेहुणे तुम्हालाच हलवावे लागतील."